गोळीआधीचे तीन महिने

प्रिय दिलीप,

तुझा रिपोर्ट नीट वाचला. एकूण कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १४०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८. साखर आणि बीपी ठीक, घराण्यात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक नाही. अशा वेळी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी पथ्यासाठी तीन महिने दिले ते योग्यच केलं. एलडीएल १९० च्या वर असतं किंवा मधुमेह असता, तर ‘आधी गोळी घे’ असंच सांगितलं असतं. एक टेस्ट मात्र राहिली आहे, थायरॉइडची टीएसएच. थायरॉइड मंदावलं की एलडीएल चढतं आणि पथ्य पाळूनही हवं तसं उतरत नाही. ती करूनच घे.

तू अंडी सोडलीस, लसूण चावून खातोस, सकाळी लिंबूपाणी पितोस. त्याने आकडा फारसा हलणार नाही. शेंगदाणा तेलही खरा गुन्हेगार नव्हे. तुझा चहा बघ. दिवसाला पाच कप, प्रत्येकात ८० मिली म्हशीचं दूध, म्हणजे ४०० मिली. त्यात साधारण २६ ग्रॅम स्निग्धांश आणि त्यातलं सॅच्युरेटेड फॅट सुमारे १६ ग्रॅम. दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसभराचं सॅच्युरेटेड फॅट १३ ग्रॅमच्या आसपास ठेवायचं असतं. म्हणजे जेवणाआधीच तू मर्यादा ओलांडलीस! रक्तातलं एलडीएल यकृत आपल्या रिसेप्टरनी, म्हणजे पेशींवरच्या आकड्यांनी, उचलून घेतं. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की हे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. त्याच चहात डबल टोन्ड दूध घातलंस तर १६ चे ४ ग्रॅमही उरत नाहीत. आठवडाभर चहा पाणचट लागेल, मग जिभेला सवय होते.

चहासोबतची खारी आणि टोस्टही बंद. ट्रान्स फॅटवर आता २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण बेकरीत पामतेल भरपूर वापरतात आणि ते निम्मं सॅच्युरेटेड असतं. वरणभातावर एक चमचा साजूक तूप चालेल, तीनच ग्रॅम. खोबऱ्याचं वाटण मात्र रोज नको.

आता भर घालायची ती इसबगोलाची. यकृत कोलेस्टेरॉलपासूनच पित्त बनवतं. आतडं त्यातलं बहुतेक पुन्हा शोषून परत पाठवतं. इसबगोलाचा बुळबुळीत गोळा ते पित्त अडकवून शौचावाटे बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. म्हणून तो रात्री झोपताना न घेता दोन्ही जेवणांच्या आधी घ्यायचा, प्रत्येक वेळी ५ ग्रॅम. पहिल्यांदा काट्यावर मोजच. भुसा इतका हलका असतो की चहाच्या चमच्यात जेमतेम दोन ग्रॅम बसतो, आणि पुष्कळांचं इथेच चुकतं. २५० मिली पाण्यात ढवळून लगेच पी, दोन मिनिटं ठेवलास तर खळ होते. वर आणखी एक ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर पोट साफ होण्याऐवजी गच्च होतं, घशातही अडकू शकतं. पहिला आठवडा एकच चमचा घे, नाहीतर गॅस होऊन सोडून देशील. दुसरी औषधं दोन तासांच्या अंतराने. एवढ्याने एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं.

सोबत रोज वाटीभर उसळ: मटकी, चवळी, राजमा, काहीही. संध्याकाळच्या फरसाणाऐवजी ३० ग्रॅम बदाम. ओट्स खायचे तर ७५ ग्रॅम कोरडे लागतात, मसाला ओट्सच्या छोट्या पाकिटाने भागत नाही.

चालणं सोडू नकोस, पण त्याचा फायदा ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलला जास्त, एलडीएलला थोडा. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी लाल यीस्ट तांदळाची कॅप्सूल घेऊ नकोस. तिच्यात लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलच्या गोळीतलंच औषध असतं, फक्त मात्रेचा भरवसा नसतो.

अपेक्षा किती ठेवायची? टोरांटोत २००३ साली असाच आहार तयार करून लोकांना दिला, तेव्हा महिन्यात एलडीएल २८ टक्क्यांपर्यंत उतरलं. पुढे लोकांनी घरी स्वतः पाळला तेव्हा १३ टक्क्यांच्या आसपास. तुझ्या बाबतीत १३ टक्के म्हणजे १५८ चे १३७.

दहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, बारा तास उपाशीपोटी रक्त दे. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा दारू नको. तुझं एलडीएल थेट मोजलेलं नसून गणिताने काढलेलं आहे: २२८ मधून ४२ आणि १४० चा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड फुगलं तर एलडीएल उगाच कमी दिसेल आणि तू फसशील. रिपोर्ट आला की चारही आकडे कळव.

तुझा,
अनंत