‘कुठे लिहिलंय?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर सुरक्षेवर आपल्या अंकात बरेच वाचायला मिळते, पण ते बहुधा बाहेरच्या हॅकरविषयी. मी अठरा वर्षे एका कार्यालयाचा संगणक विभाग सांभाळला. भानगडी बहुतेक आतल्याच असत, आणि त्यांत वाईट हेतू क्वचितच दिसे.

लेखा विभागातील एक बाई महिनाअखेरचे काम उरकायला फाइल पेनड्राइव्हवर घरी घेऊन गेल्या. सकाळी त्याच पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि विभाग दोन दिवस ठप्प झाला. बाईंना कारणे दाखवा नोटीस गेली. त्यांनी एवढेच विचारले, “पेनड्राइव्ह लावायचा नाही, हे कुठे लिहिलंय?” कुठेच नव्हते. कधीतरी मीच कोणाला तरी तोंडी सांगितले होते. नोटीस मागे घ्यावी लागली.

मग वरातीमागून घोडे! दुसऱ्या संस्थेचे संगणक वापराचे सव्वीस पानी धोरण नाव बदलून आमचे झाले. एका पानावर जुने नाव तसेच राहिले. सगळ्यांनी न वाचता सह्या ठोकल्या. मीही.

असे धोरण म्हणजे नोकरांसाठीची ‘हे करू नका’ची यादी, असेच व्यवस्थापनाला वाटते. रुमानियातल्या एका कंपनीत संगणकाच्या खासगी वापराला लेखी बंदी होती. २००७ मध्ये तिने एका कर्मचाऱ्याचे मेसेंजरवरचे संभाषण नोंदवले, त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेल्या गप्पाही होत्या, आणि त्याला काढून टाकले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. बंदी लिहिलेली होती. पण आपल्यावर पाळत ठेवली जाईल, आणि ती कितपत, याची त्याला आधी कल्पना दिली होती का, हे रुमानियातल्या न्यायालयांनी तपासलेच नव्हते. म्हणजे साहेब काय बघणार, हेही कागदावर हवे.

रजेवर गेलेल्याचा मेल कोण उघडणार? नोकरी सोडणाऱ्याच्या मोबाइलमधून ऑफिसचा मेल पुसताना घरचे फोटोही गेले तर? गोपनीय मसुदा एआय चॅटबॉटमध्ये टाकायचा का? वाद होतात ते इथेच.

पुढे आम्ही ते बाड बाजूला ठेवून तीन पाने नव्याने लिहिली. पेनड्राइव्हचे कलम त्याच बाईंकडून लिहून घेतले. काम घरी न्यायचेच झाले तर परवानगी कोणाकडे मागायची, आणि तो साहेब रजेवर असेल तर कोणाकडे, हे त्यांनी आठवणीने घातले.

– एक निवृत्त संगणक व्यवस्थापक