लोकमान्यनगरच्या काकांना, मडगार्डच्या तुकड्याबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

परवा भर पावसात खंडवा रोडने सिमरोलहून घरी आलो, गाडी स्टँडवर लावली आणि आधी खाली वाकून रेडिएटर पाहिला. जाळीवर पाण्याचे थेंब होते, चिखल नव्हता. तुमचे आभार चारचौघांत मानायचे, हे तिथेच ठरलं.

गेले दोन पावसाळे मी हैराण होतो. आपल्या माळव्याची काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येते. माझ्या गाडीचं पुढचं मडगार्ड मागून आखूड, त्यामुळे चाक ती उचलून थेट रेडिएटरवर मारायचं. इंजिनच्या आचेने ती पापुद्र्यांत वाळून लिंपल्यासारखी बसायची. मग हवा जाणार कुठून? इंदुरात भंवरकुआंच्या सिग्नलला एकदा तापमानाचा दिवाच लागला.

मडगार्ड खाली लांबवणारा तुकडा, म्हणजे एक्स्टेंशन आणलं, एका मेकॅनिकने पाच मिनिटांत बसवूनही दिलं. भोक अगदी कडेला पाडलं होतं. आठवड्याभरात मडगार्डला तडा गेला. तसाच तुमच्या दारात आलो.

तुम्ही आधी तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलंत, म्हणजे तो पुढे सरकणार नाही. मग म्हणालात, “नवीन भोक सगळ्यात शेवटी. आधी टेप.” मास्किंग टेपने तुकडा चिकटवला, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. पुढचा ब्रेक धरून तुम्ही सगळा भार हँडलवर टाकलात आणि मला टॉर्च घेऊन खाली बसवलंत. चाक आणि मडगार्ड बरोबरच वर येतात, तिथे प्रश्न नव्हता. पण तुकड्याचं खालचं टोक सायलेन्सरच्या पाइपला जवळजवळ टेकत होतं. ते मला कधीच दिसलं नसतं.

“हाताने दाबून फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप) पुरता दबत नाही, खड्ड्यात दबतो,” असं म्हणून तुम्ही तुकडा काढून ठेवलात, फोर्कच्या चकचकीत नळीला झिप-टाय (प्लास्टिकचा बंद) बांधलात आणि मला घाटापर्यंत फेरी मारायला पाठवलंत. परत आलो तेव्हा झिप-टाय किती वर सरकलाय, म्हणजे फोर्क किती दबला, ते पट्टीने मोजून तुम्ही टोकावर पेन्सिलीची रेघ मारलीत. दोन बोटं तुकडा करवतीने कापला, कानशीने कड गोल केली. तोवर काकूंनी जिरावण मसाला घातलेले पोहे आणले होते आणि तुमची प्लेट गार होत होती.

बोल्ट लावताना मी उलटा धरला होता. तुम्ही तो काढून डोकं टायरकडे, नट बाहेर केलात. आत मोठे वॉशर, बाहेर नायलॉक नट, म्हणजे हादऱ्याने सैल न होणारा. बोल्टचं टोक आत राहिलं असतं तर टायर सोलला असता, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. रागावला नाहीत, हसलाही नाहीत. माझ्यासाठी हे फार मोठं होतं, काका. वडील गेल्यापासून इतक्या निगुतीने कोणी काही शिकवलं नव्हतं.

पैशांचं नाव काढलं तेव्हा तुम्ही हात जोडून थांबवलंत. आता पुन्हा काढत नाही. तुमची अर्धगोल कानस मात्र माझ्या डिकीत राहिली आहे. रविवारी सकाळी आणून देतो, काकूंसाठी जिलबीही आणतो.

तुमचा,
मागच्या गल्लीतला