शून्य परत करून मोकळे होणारे कोडर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की कोडिंग क्लासच्या जाहिरातींना ऊत येतो. त्या क्लासमधून शिकलेली मुलं माझ्याकडे कामाला येतात (सियागंजातल्या किराणा व्यापाऱ्यांसाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते), म्हणून हे पत्र. बहुतेकांच्या डोक्यात एकच धडा पक्का बसवलेला असतो: प्रोग्राम क्रॅश होता कामा नये. मग फंक्शनकडे (प्रोग्राममधल्या एकेक काम करणाऱ्या तुकड्याकडे) उणे वजन आलं की मुलं गुपचूप शून्य नाहीतर -१ परत करतात. काही तर अख्खा कोड ट्रायमध्ये कोंबून एक्सेप्टखाली नुसतं पास लिहितात, म्हणजे चूक झाली तरी काही न करता पुढे जा. झालं काम!

त्या -१ चं पुढे काय होतं ते बघा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मजकुरात अक्षर शोधणाऱ्या फाइंडला ते सापडलं नाही, तर ते -१ देतं; आणि शेवटून मोजलं तर शेवटच्या अक्षराचा क्रमांकही -१ च असतो. ‘मिरची-तेजा’मधून डॅशच्या आधीचं नाव कापणारी ओळ ‘हळद’ या नोंदीवर चालवा, शेवटचं अक्षर गळून बिलावर ‘हळ’ छापून येईल. कुठे काही अडत नाही, गिऱ्हाईक विचारेपर्यंत कुणाला पत्ताही नसतो. फाइंडच्या जागी तेच शोधणारं इंडेक्स असतं, तर व्हॅल्यूएरर नावाची चूक येऊन काम तिथल्या तिथे थांबलं असतं. तारखांचंही तेच. ३१ फेब्रुवारी २०२५ म्हटलं की पायथन व्हॅल्यूएरर देतो. जावास्क्रिप्ट या भाषेला वर्ष, महिना, दिवस असे आकडे दिले, तर ती मुकाट ३ मार्च करून देते. उधारीची मुदत अशी परस्पर सरकते.

मुनीमजींनी भलतंच बटण दाबलं की त्यांच्या तोंडावर एक्सेप्शन (व्हॅल्यूएररसारखा, चूक सांगून काम थांबवणारा इशारा) फेकावं, असं मी म्हणत नाही. टायपिंगच्या चुका रोजच्याच, त्या फॉर्मवरच पकडून नीट सांगाव्यात. पण ती तपासणी चुकवून उणे वजन आतल्या फंक्शनपर्यंत पोचलं, तर घोळ आपल्या कोडमध्ये आहे. तिथे एक्सेप्शनच हवं, आणि कोणता आकडा आला तेही संदेशात हवं. असर्टवर (कोडमध्ये लिहिलेल्या ‘हे खरं असलंच पाहिजे’ अशा तपासणीवर) भागवू नये. पायथन चालवताना -ओ हा पर्याय लावला की असर्ट गळतात. गो भाषेत चूक एक्सेप्शनने कळवत नाहीत हे खरं, पण तिथेही एरर वेगळं मूल्य म्हणून येतं, उत्तराचं सोंग घेऊन नाही.

क्लासचालकांनी परीक्षेत निदान एक प्रश्न असा घालावा, ज्यात फंक्शनला मुद्दाम वाकडं इनपुट दिलेलं असेल आणि योग्य एक्सेप्शन आलं तरच गुण मिळतील. पायथनचा कोड तपासणाऱ्या पायटेस्ट या साधनात त्यासाठी रेझेस आहे. दोन ओळींचं काम.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर