हिरवा दिवा लागतो, पंखा फिरत नाही: रेडिएटर फॅनच्या मॅन्युअल स्विच किटबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय.

विषय: रेडिएटर फॅन हाताने चालू करण्याच्या आपल्या स्विच किटमधील सदोष रचना, त्यामुळे झालेले नुकसान आणि मदतकक्षाची वागणूक.

महोदय,

आज सकाळी सव्वाअकरा वाजता आपल्या मदतकक्षाने माझी तक्रार ‘निवारण झाले’ असा शेरा मारून बंद केली. निवारण कशाचे झाले, हे मी विचारले तेव्हा फोनही बंद झाला. सहा फोन आणि तीन ईमेल झाल्यावर मी हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. किट आपलेच असल्यामुळे ते कसे चालते हे आपल्याला समजावून सांगत नाही, फक्त ते कसे चालत नाही एवढेच सांगतो.

माझी गाडी जुनी आहे. तिच्या पंख्याला कॉम्प्युटर नाही, रेडिएटरच्या खालच्या टाकीत बसवलेला साधा थर्मो स्विच आहे, जो पाणी ९५ अंशांवर गेले की रिलेला (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणाऱ्या विद्युत स्विचला) ‘अर्थ’ म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी देऊन पंखा लावतो आणि ९० वर सोडतो. गेल्या दोन उन्हाळ्यांत तो उशिरा चालू होऊ लागला. गाडी रस्त्यावर पळत असते तोवर समोरचा वाराच पंख्याचे काम करतो, त्यामुळे हा उशीर कळत नाही; तो कळतो सिग्नलवर आणि गर्दीत. शिवाय रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. हवा २५ अंशांची असेल तर ९५ अंशांच्या पाण्याला ७० अंशांचा फरक मिळतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत तो ५० वर येतो. त्यातही एसी लावला की कंडेन्सरची, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीची, गरम हवा आधी रेडिएटरच्याच तोंडावर येते. नागपूरचा पारा २०१३च्या मे महिन्यात ४७.९ पर्यंत गेला होता, हे आपल्या विक्री विभागाला ठाऊक असावे, कारण ‘कडक उन्हाळ्यासाठी खास’ असे किटच्या डब्यावरच छापलेले आहे. गर्दीत शिरण्यापूर्वीच पंखा हाताने लावून ठेवता यावा, एवढ्याच माफक हेतूने मी आपले किट २,४५० रुपयांना घेतले आणि आपल्याच यादीतील फिटिंग केंद्रात ६०० रुपये देऊन बसवून घेतले.

फिटिंग झाल्यावर कारागिराने स्विच दाबला, हिरवा दिवा लागला, पंखा फिरला, अर्ध्या मिनिटाने त्याने तो बंद केला आणि बिल हातात दिले. हे अर्धे मिनिट कृपया लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी आईला रेल्वे स्टेशनवर सोडायला मानेवाड्याहून निघालो. आईचे वय ७२ आहे. कॉटन मार्केटपाशी गर्दी दिसताच मी मोठ्या अभिमानाने आपला स्विच दाबला आणि हिरवा दिवा लागला. लोहापुलाकडे सरकताना गाडी जवळपास पाऊण तास अर्धा-अर्धा फूट पुढे जात होती. दिवा लागलेला, आणि तापमानाचा काटा मात्र मध्यावरून वर, तिथून आणखी वर. दिव्याकडे बघून मी स्वतःची समजूत घालत होतो की पंखा चालूच आहे, तेव्हा हा काट्याचाच दोष असेल. काटा लाल पट्ट्याला टेकला तेव्हा मी एसी बंद केला आणि इंजिनाची उष्णता दुसरीकडून काढण्यासाठी हीटर पूर्ण लावला. मे महिन्यात, नागपुरात, भर दुपारी, बंद गर्दीत, ७२ वर्षांच्या आईला मागे बसवून हीटर लावणे म्हणजे काय, याचा अनुभव आपल्या उत्पादन विभागातील कोणीतरी एकदा जरूर घ्यावा. शेवटी वरचा होज पाइप फुटला आणि बॉनेटखालून वाफ निघाली. निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट हे मिश्रण साध्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळते, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरलेला दाब होज फुटताच गेला, म्हणजे जे व्हायचे तेच झाले. झाकण मी उघडले नाही, एवढे शहाणपण शिल्लक होते. आईची गाडी चुकली. माझी गाडी टोइंगवाल्याने नेली. हिरवा दिवा तेव्हाही लागलेलाच होता.

आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने दुसऱ्या दिवशी किट उघडले, आणि त्याला दोष सापडायला वीस मिनिटे लागली. पंखा चालू असताना क्लॅम्प मीटरवर, म्हणजे वायरभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर, १४ अँपिअर दिसतात. आपल्या किटमधला फ्यूज लाल, म्हणजे १० अँपिअरचा आहे. दीडपटीच्या जवळपास भार आला तर असा फ्यूज क्षणात उडत नाही. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत तो दम काढतो आणि मग उडतो. म्हणूनच फिटिंग केंद्रातल्या अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत सगळे उत्तम दिसले आणि कॉटन मार्केटच्या गर्दीत ते संपले. चाचणी पाच-दहा मिनिटे घेतली असती तर हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती.

इथवर मी त्याला चूक म्हणू शकलो असतो. पण आपल्या पुस्तिकेनुसार गाडीचा मूळ कपलर (वायर जोडणारा प्लग) काढून आपली वायरिंग मध्ये बसवली जाते, आणि थर्मो स्विचकडून येणारा इशाराही आपल्याच रिलेकडे वळवला जातो. म्हणजे पंख्याकडे जाणारा सगळा प्रवाह, हाताने लावलेला असो की आपोआप लागलेला, त्या एकाच १० अँपिअरच्या फ्यूजमधून जातो. तो उडाला की मॅन्युअलही गेले आणि ऑटोमॅटिकही गेले. माझा जुना थर्मो स्विच उशिरा का होईना, पंखा लावत होता. आपल्या किटने तोही आधार काढून घेतला. याला पर्यायी व्यवस्था म्हणत नाहीत. साधी रचना अशी असते की डॅशबोर्डवरचा स्विच जुन्या थर्मो स्विचला समांतर जोडून रिलेच्या कॉइलला, म्हणजे रिले ओढणाऱ्या वेटोळ्याला, अर्थ देतो. कॉइलला अँपिअरचा छोटासा अंश लागतो, पंख्याचा जड प्रवाह स्विचकडे येतच नाही, आणि नवा स्विच बिघडला तरी जुनी व्यवस्था जागच्या जागी राहते. हे मी आपल्याला शिकवत नाही. आपल्याच कंपनीचे हेडलाइटचे वायरिंग किट मी २०११ मध्ये बसवले होते, त्यात वायर जाड होती, फ्यूज योग्य होता आणि ते आजही निमूटपणे काम करत आहे. म्हणजे आपल्याकडे हे जाणणारी माणसे आहेत, किंवा निदान होती.

आता त्या दिव्याविषयी. तो स्विचच्या बाजूला जोडलेला आहे, फ्यूजच्या आणि रिलेच्या पलीकडे नाही. त्यामुळे तो फक्त इतकेच सांगतो की ग्राहकाने बटण दाबले आहे, आणि हे ग्राहकाला आधीच माहीत असते. तो रिलेच्या ८७ क्रमांकाच्या, म्हणजे पंख्याकडे वीज सोडणाऱ्या, पिनेवरून घेतला असता तर निदान पंख्यापर्यंत वीज पोहोचते की नाही हे तरी कळले असते. (मोटरच जाम झाली असेल तर तोही खोटे बोलेल, हे मान्य, पण एका खोटेपणाला दुसरा खोटेपणा हे उत्तर होत नाही.) नागपुरात घरोघरी कूलर असतात आणि त्यांच्या पंख्याचे व पंपाचे बटण वेगवेगळे असते. पंपाचे बटण चालू दिसले म्हणून इथले कोणी निवांत झोपत नाही. कूलरच्या गवती ताट्यांना हात लावून त्या ओल्या आहेत का हे प्रत्येकजण पाहतो. तेवढी सावधगिरी आपल्या दिव्याच्या बाबतीतही बाळगावी, अशी सूचना पुस्तिकेत असती तर मी ती बाळगली असती.

मी हा सगळा तपशील दुसऱ्या ईमेलमध्ये छायाचित्रांसह पाठवला होता. त्याचे उत्तर फोनवर आले, आणि तो संवाद मी शक्य तितका जसाच्या तसा देतो, कारण त्याचा मला आजही विसर पडलेला नाही.

“सर, स्विचवरचा दिवा लागतो का?”

“लागतो. पंखा फिरत नाही.”

“दिवा लागतो म्हणजे पंखा चालू आहे, सर.”

“मी बॉनेट उघडून पंख्यासमोर उभा आहे. पाती स्थिर आहेत. त्यांच्यावरची धूळ मला दिसते आहे.”

“दिवा लागला असेल तर सिस्टिम ओके दाखवते, सर.”

“सिस्टिम काय दाखवते ते मी विचारत नाही. मला जे दिसते आहे ते सांगतो आहे.”

इथे थोडा वेळ शांतता होती. मला वाटले, गोष्ट पोहोचली. मग पलीकडून अत्यंत सौजन्याने विचारण्यात आले, “सर, आपण पंखा कोणत्या बाजूने बघत आहात?”

महोदय, पंखा कोणत्याही बाजूने पाहिला तरी तो फिरत असेल तर फिरताना दिसतो. समोरून, मागून, वरून, आणि आवश्यकता असल्यास जमिनीवर झोपून खालूनही मी तो पाहिला आहे. चौथ्या फोनवर मला पुन्हा विचारण्यात आले की दिवा लागतो का. पाचव्या फोनवरही तेच विचारले गेले. आमच्या नागपुरात २०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले होते, तेव्हा हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचे सांगून ती नोंद चुकीची ठरवली. कोणी नागपूरकरांना सांगत बसले नाही की यंत्र ५६ दाखवते आहे, तेव्हा तुम्ही भाजून निघाला असालच. यंत्र चुकू शकते, ही गोष्ट सरकारी खात्याला मान्य करता येते, आपल्या मदतकक्षाला येत नाही.

पाचव्या फोनवर मला ‘तांत्रिक वरिष्ठां’शी जोडून देण्यात आले. त्यांनी तोडगा सांगितला की १० चा फ्यूज काढून ३० चा, म्हणजे हिरवा, टाकावा. आपल्या कंपनीला हिरवा रंग फार प्रिय दिसतो. फ्यूज पंख्याचे नव्हे, वायरचे रक्षण करतो. आपल्या किटमधली वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची आहे आणि तिच्यासाठी १० चा फ्यूज योग्यच आहे; अयोग्य आहे ती १४ अँपिअरच्या पंख्याला दिलेली ती वायर. तिथे ३० चा फ्यूज बसवला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि ती वायर डॅशबोर्डच्या आत, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर आहे. हा सल्ला मला लेखी द्यावा असे मी म्हटले, तेव्हा वरिष्ठ म्हणाले की तसे धोरण नाही. जो सल्ला लेखी देता येत नाही तो फोनवर मात्र किती ग्राहकांना दिला गेला असेल, याची कल्पना करून मला माझ्या नुकसानापेक्षा जास्त अस्वस्थ वाटते. सहाव्या फोनचे मी सुरुवातीला सांगितलेच आहे.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. किटचे २,४५० आणि फिटिंगचे ६०० रुपये परत मिळावेत. टोइंग, होज पाइप, कूलंट आणि मूळ वायरिंग पूर्ववत करण्याची मजुरी मिळून झालेला ४,६५० रुपयांचा खर्च मिळावा. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे हे किट ज्यांनी ज्यांनी घेतले त्या सर्वांना कळवून ते परत मागवावे, निदान ३० च्या फ्यूजचा तो सल्ला आपल्या मदतकक्षाकडून आजच्या आज थांबवावा. शेवटची मागणी पैशांची नाही, तरी तिच्यावर मी सर्वांत जास्त अडून बसणार आहे. आपल्या नावावर विश्वास ठेवून मी दुसरी कोणतीही स्वस्त वस्तू पाहिलीसुद्धा नव्हती, हे लिहिताना वाईट वाटते. २०११ मधले ते किट अजून गाडीत आहे, म्हणून जास्तच वाटते.

पंधरा दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी या दोन्ही कारणांसाठी मी नागपूर येथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. मी राहतो तिथेच ती दाखल करता येते, त्यामुळे आपल्याला इकडे यावे लागेल. शक्यतो मे महिन्यात यावे आणि स्टेशनवरून येताना लोहापुलाकडूनच यावे.

बिल, उडालेल्या फ्यूजचे आणि क्लॅम्प मीटरवरील आकड्याचे छायाचित्र तसेच सहाही फोनच्या तारखा व वेळा यांची नोंद सोबत जोडली आहे. किट काढून त्याच्या मूळ डब्यात भरून ठेवले आहे. आपल्या कारागिराने डॅशबोर्डवर पाडलेले भोक मात्र डब्यात भरता आले नाही. त्याचे काय करायचे, तेही उत्तरात कळवावे.

आपला,
एक ग्राहक
नागपूर