दारूच्या दुकानाआधी गावात जाणारा अभ्यासक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दारूबंदी हवी का नको यावर तुमच्याकडे वाचकांची पत्रं येतायत, सगळी वाचली, पण दारूचा अभ्यास केलेल्या फिनलंडच्या पेक्का कूसींचं नाव कुणी काढलं नाही म्हणून लिहितोय.

फिनलंडमध्ये १९१९ ते १९३२ दारूबंदी होती. जनमत घेऊन ती उठवली आणि विक्री सरकारी कंपनीकडे दिली, अल्को तिचं नाव, पहिली दुकानं ५ एप्रिल १९३२ ला सकाळी १० वाजता उघडली. पण ती शहरात, खेड्यापाड्यात नाही. पुढे १९५० च्या दशकात प्रश्न आला की ग्रामीण भागात दुकान काढलं तर लोक जास्त पितील का, तर कूसी (तेव्हा ते साधे अभ्यासक होते) दुकान उघडायच्या आधी लोकांकडे गेले, काय पिता किती पिता विचारलं, आणि उघडल्यावर परत जाऊन तेच विचारलं, आणि जिथे दुकान आलंच नाही तिथेही विचारलं म्हणजे तुलना करता येईल. मला हे फार मोठं वाटतं. किती साधी गोष्ट आहे, पण करतं कोण?

१९६१ साली त्यांनी सामाजिक धोरणावर जाडजूड पुस्तक लिहिलं, गरिबांवर केलेला खर्च वाया जात नाही, त्याने देशाची कमाईपण वाढते असं त्यात मांडलं. १९७१ मध्ये काही महिने आरोग्य आणि समाजकल्याण खात्याचे मंत्री झाले आणि १९७२ पासून दहा वर्षं त्याच अल्कोचे प्रमुख. म्हणजे दारूने काय होतं हे ज्याने मोजलं त्याच्याच हातात दारूचं दुकान दिलं.

त्यांचं सगळं बरोबर ठरलं असं नाही. ते निर्बंध सैल करावेत या मताचे होते, १९६९ मध्ये किराणा दुकानात बियर आली, खेड्यातली बंदी उठली, आणि एका वर्षात देशातला खप ४६ टक्के वाढला. पण नोंदी होत्या म्हणून तो आकडा सगळ्यांना दिसला, आणि तो आजही त्यांच्या विरोधात वापरता येतो, यालाच मी प्रामाणिक काम म्हणतो.

आमच्या गावात आडवी बाटली-उभी बाटलीचं मतदान झालं तेव्हा माझी आई सकाळी सातलाच रांगेत उभी होती, शेजारच्या काकू तर तापाने फणफणल्या होत्या तरी आल्या. बाटली आडवी झाली, दुकान बंद झालं. पण त्यानंतर गावात पिणं कमी झालं का, हातभट्टी वाढली का, माणसं शेजारच्या गावात जाऊन प्यायला लागली का, हे विचारायला आजपर्यंत एकही माणूस आमच्या दारात आलेला नाही. पुढचं मतदान ज्या गावात असेल तिथे मतदानाआधी घरोघरी जाऊन विचारा, वर्षाने परत जा, आणि आधी बायकांना विचारा.

आपला,
एक नियमित वाचक