जुन्या आकड्यांवर नवी धोरणे

महोदय,

आपल्या देशात अर्थधोरणाच्या संशोधनाला वाण आहे ती विद्वानांची नव्हे, ताज्या आकड्यांची. २०२१ची जनगणना लांबल्याने अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभार्थ्यांची संख्या २०११च्या लोकसंख्येवरच बेतलेली राहिली. घरगुती खर्चाच्या २०११-१२च्या पाहणीनंतर अधिकृत निष्कर्ष हाती आले ते थेट २०२२-२३चे, आणि मधल्या काळात नोटाबंदी, जीएसटी व कोरोना होऊन गेले. आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई किंवा यंत्रमागावर टॉवेल विणणारा कामगार या वर्षांत किती खचला, हे कोणत्या आधारावर सांगायचे? २०२७च्या जनगणनेचे तपशील तरी प्रभागनिहाय आणि विनाविलंब संशोधकांना खुले करावेत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सोलापूर