टिलरची काठी : मंदारला पत्र

कुलाबा, मुंबई
१२ सप्टेंबर

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं, फोटोही. होडी झकास दिसतेय. ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या उभ्या फळीच्या, कडेला रंगाचे ओघळ आहेत, त्यावरून रंगकाम तू स्वतःच केलंयस हे कळलं. वहिनींनी केलं असतं तर ओघळ नसते.

तू विचारलंयस की टिलरला, म्हणजे सुकाणूच्या दांड्याला, लावायचं एक्स्टेंशन (हातात धरायची ती लांब काठी) परदेशातून मागवू का, कार्बनचं, आत-बाहेर सरकणारं. नको मागवूस. निदान या मोसमात तरी नको. अरे, काठी कशाचीही चालते, बांबूचीसुद्धा. पैसे घालायचे ते सांध्यावर. टिलर आणि काठी यांना जोडणारा तो बोटभर तुकडा ढिला असेल, तर पुढे कितीही महागाची काठी लाव, सुकाणू काय म्हणतंय ते तुझ्या हातापर्यंत पोचणारच नाही. वारा वाढला की होडी स्वतःहून वाऱ्याकडे तोंड वळवायला बघते आणि टिलर हातातून पलीकडे ओढ घेतो. ही ओढ किती आहे, वाढतेय की कमी होतेय, यावरच तू शीड सैल सोडायचं की बाहेर झुकायचं ते ठरवणार. सांध्यात दोन-तीन मिलिमीटरचा खेळ असला की पहिली हलकी ओढ तिथेच मुरते. तुला कळतं तोवर होडी वळायला लागलेली असते.

आणि सांध्याच्याही आधी एक काम आहे. सुकाणू होडीवरून काढ, पातं दोन्ही गुडघ्यांत घट्ट धर आणि टिलर डावी-उजवीकडे हलव. तुझ्या तिसऱ्या फोटोत टिलर सुकाणूच्या खोबणीत जिथे बसतो तिथे एका बाजूला फट दिसतेय, मला तरी तसं वाटलं. ती असेल तर सागवानाची पातळ चकती इपॉक्सीने चिकटव, पॉलिश पेपरने घासत घासत घट्ट बसेल अशी कर. मग सुकाणू परत होडीला लावून बिजागऱ्यांचं बघ. या दोन जागी टिलर खटखटत असेल तर नवीन काठीवर एक रुपया घालू नकोस.

आता लांबी. या बाबतीत कॅटलॉग बघायचाच नाही. तुझी होडी एंटरप्राइझ जातीची, ती जॅक होल्टने १९५६ साली आखली. लांबीला चार मीटरच्या किंचित वर, रुंदीला साधारण १.६ मीटर. म्हणजे मधल्या रेषेपासून काठापर्यंत ८० सेंटीमीटर. तू बसतोस तिथे थोडी कमी भरेल, पण हिशेबाला ८० धरू. तू काठावर बसलायस आणि टिलरच्या टोकाच्या अर्धा मीटर पुढे आहेस. आता शाळेतला पायथागोरस काढ : ८० चा वर्ग ६४००, ५० चा २५००, बेरीज ८९००, वर्गमूळ ९४. हे झालं टिलरच्या टोकापासून तुझ्यापर्यंतचं अंतर. मुठीच्या वर थोडी काठी उरायला हवी, म्हणून १०५ सेंटीमीटरच्या आसपास. कापताना मात्र ११५ वर काप. जास्तीची नंतर उडवता येते.

एकट्याने चालवायच्या लेझर होडीवाले १.२ मीटरच्या काठ्या वापरतात, ते बघून तू भुलू नकोस. त्यांच्यापुढे क्रू, म्हणजे जोडीदार, बसलेला नसतो. तुझी मेनशीट, मोठ्या शिडाची दोरी, ट्रान्समवरून येते, म्हणजे टॅक करताना (होडीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना) तू मागे तोंड करून वळणार आणि काठी टिलरच्या पुढून अर्धवर्तुळ काढत पलीकडे जाणार. त्या अर्धवर्तुळात पुढे क्रू म्हणून बसलेल्या ईराचे गुडघे असतात! पुढे कधी मेनशीट मधे आणलीस तर गणित उलटं होतं. तेव्हा तू पुढे तोंड करून वळशील, काठी मेनशीटच्या मागून फिरवावी लागेल, आणि लांब काठी नेमकी तिथेच दोरात अडकते.

म्हणून आधी खोटी काठी करून बघ. इलेक्ट्रिशियन वापरतात तो २० किंवा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी कंड्युट पाइप आण. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून पाइप टिलरच्या टोकाला करकचून बांध. सांधा म्हणून भिकार, पण मापापुरता चालतो. होडी ट्रॉलीवर ठेव, दोन्ही बाजूंना खाली जुने टायर सरकव म्हणजे डुगडुगणार नाही, आणि बूम (शिडाखालचा आडवा दांडा) मधोमध बांध. मग ईराला तिच्या जागी बसव, लाइफ जॅकेट दोघांनीही घाला, आणि जमिनीवरच टॅक करा. जाइब करा, म्हणजे वारा पाठीशी घेऊन वळा. शेजारी हसतील, हसू देत. लाइफ जॅकेट घालायला एवढ्यासाठी सांगतोय की काठीचं टोक सगळ्यात आधी त्याच्या पट्ट्यात घुसतं, आणि साध्या शर्टवर ते कळत नाही. पाइप कुठे अडतोय ते बघ आणि दोन-दोन सेंटीमीटर कापत जा.

ईरा सुकाणूवर बसेल तेव्हा काय, म्हणून तुला सरकणारी काठी हवीय, हे लक्षात आलं. पण ती उंचीने कमी असली तरी बसणार त्याच काठावर. काठीची लांबी हाताच्या लांबीपेक्षा बसायच्या जागेवर जास्त ठरते. ती एक वीत खाली धरेल, बस. सरकणाऱ्या काठीच्या पिळाच्या कुलपात मीठ आणि वाळू जाते. दर वेळी गोड्या पाण्याने धुतली नाही तर एक तर ती आखडते, नाहीतर ऐन झुळकीत सरकन आत जाते. मोठ्या क्रूझर होडीवर, जिथे माणूस कधी उभा राहून तर कधी बसून सुकाणू धरतो, तिथे ती सोयीची. चार मीटरच्या होडीत उगाच कटकट.

बरं, ही काठी फक्त जोरदार वाऱ्यात बाहेर झुकायला लागते असं तू लिहिलंयस. उलट आहे. दोना पावलाला ऑक्टोबरातल्या सकाळी वारा नावालाच असतो. तेव्हा तू मागे टिलरपाशी बसलास की ट्रान्सम पाण्यात बुडतो, मागे पाणी ओढत नेतो आणि होडी चालतच नाही. तेव्हाच तुला सरकून पुढे, आडव्या फळीला लागून बसायचं असतं, आणि तिथून टिलरपर्यंत हात पोचवते ती काठी. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की झुकायचं काम आहेच.

आता सांधा. बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. एक, स्टीलचा यू-जॉइंट, दोन पिनांवर हलणारा. मजबूत असतो, पण पिना झिजल्या की खटखट सुरू, आणि नवा असतानाही काही कोनांत अडतो. दुसरा, दोरीचा : काठीच्या पोकळीतून डायनिमाची (न ताणणाऱ्या मजबूत धाग्याची) दोरी काढून टिलरमधल्या भोकातून ओवायची आणि गच्च ताणून गाठ मारायची. स्वस्त, हलका, पण ताण सैल झाला की डुगडुगतो. तिसरा, काळ्या रबरासारख्या युरेथेनचा, मधे कमरेसारखा बारीक आणि दोन्ही टोकांना स्टील बसवलेला. हाच घे. कुठल्याही दिशेला वळतो, उभा राहतो, टिलरवर आडवा पडतो, आणि खेळ जवळजवळ शून्य. त्याचा शत्रू ऊन. दर महिन्याला अंगठ्याने वाकवून बाहेरच्या बाजूला बघ. बारीक केसांसारख्या रेषा दिसल्या की बदलायचा, तुटायची वाट बघायची नाही. आणि होडी उभी करून ठेवताना काठी टिलरला समांतर बांधून ठेव. वाकलेल्या अवस्थेत आठवडाभर राहिला तर रबराला तसाच बाक येतो.

काठीसाठी दोन पर्याय सुचवतो. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, बाहेरून २२ मिलिमीटर, जाडी दीड. मीटरला अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. पडद्याच्या रॉडचा पातळ पाइप घेऊ नकोस, कुणी वर बसलं की चेपतो. २२ चं कारण असं की सायकलच्या हँडलचा व्यासही तेवढाच, त्यामुळे सायकलची रबरी मूठ त्यावर नीट बसते. पाइपची दोन्ही तोंडं बूच मारून बंद कर, नाहीतर आत पाणी भरतं आणि काठी हातातून सुटली तर तळाला.

दुसरा पर्याय माझ्या आवडीचा, आणि तुला तो हाताशी आहे. सावंतवाडीकडे माणगा बांबू मिळतो, जवळजवळ भरीव. अंगठ्यापेक्षा थोडी जाड, सरळ शेंड्याकडची काठी निवड, सावलीत वाळू दे, पेरं घासून सपाट कर, वर वॉर्निश. फक्त सांध्याचा बोल्ट जातो तिथे बांबू उभा चिरतो. म्हणून भोक पाडायच्या आधी त्या चार बोटं भागावर मजबूत दोरा शेजारी शेजारी गच्च गुंडाळ, त्यात इपॉक्सी मुरव, पूर्ण वाळू दे आणि मगच ड्रिल लाव. कार्बनपेक्षा जड होईल, पण तरंगते, आणि तुटली तर एका दिवसात दुसरी तयार. कार्बनची काठी जोरात काठावर आपटली की तिच्या कुसळ्या निघतात, त्या हातातून काढत बसायचं काम मी बघितलंय. तुझ्यावर ती वेळ यायला नको.

बसवताना घाई नको. टिलरच्या पुढच्या टोकापासून तीन सेंटीमीटर मागे, वरच्या अंगाला, बरोबर मधे खूण कर. याहून पुढे गेलास तर लाकूड फुटेल. आधी ३ मिलिमीटरचं भोक आरपार, मग मोठं. टिलरखाली टाकाऊ लाकडाचा ठोकळा दाबून धर म्हणजे खालच्या बाजूचे टवके उडणार नाहीत. बोल्ट ६ मिलिमीटरचा असेल तर भोक ८ चं पाड, इपॉक्सीने भर, सुकल्यावर पुन्हा ६ चं पाड. मग खारं पाणी लाकडाला लागतच नाही. हे करायचा कंटाळा येतो, पण टिलर कुजायला सुरुवात होते ती अशाच भोकांतून. स्क्रू अजिबात नको. आरपार बोल्ट, खाली मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा). नटाच्या बाहेर दोन आटे उरतील एवढाच बोल्ट ठेव, बाकीचा हॅकसॉने काप आणि कानशीने गोल कर, नाहीतर गुडघे सोलून निघतील.

बोल्ट घेताना दुकानदार चुंबक लावून ‘बघा, अस्सल स्टेनलेस’ म्हणेल. त्यावर जाऊ नकोस. स्टेनलेसची ३०४ जात काय आणि ३१६ काय, दोघांनाही चुंबक फारसं चिकटत नाही. बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का बघ : ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६ च्या. समुद्रासाठी ए४. आणि काठी अ‍ॅल्युमिनियमची केलीस तर स्टील जिथे जिथे तिला टेकतं तिथे नायलॉनचा वॉशर आणि ग्रीस घाल. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागून राहिले की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड व्हायला लागते.

मुठीला बॅडमिंटन रॅकेटची टेप चालेल. पण तिच्याखाली सुतळीचा एक सैल पीळ दे, दोन-दोन बोटांच्या अंतराने. ओल्या हाताला उंचवटे लागतात आणि न बघता कळतं की आपण कुठे धरलंय. टोकाला गोळा वगैरे लावू नकोस, मेनशीट त्यातच अडकणार. धरायची कशी हे ईराला पहिल्या दिवसापासून शिकव : माइक धरतात तशी, अंगठा वर, काठी छातीवरून आडवी. म्हणजे त्याच हाताची बोटं मोकळी राहून मेनशीट क्षणभर पकडता येते आणि दुसऱ्या हाताने पुढची ओढता येते. काठी बगलेखालून मागे सोडून धरायची सवय एकदा लागली की जात नाही. क्लबात चाळीस वर्षं होडी चालवणारे दोघेजण अजून तशीच धरतात आणि टॅकमध्ये दर वेळी चाचपडतात.

ईराला हेही सांग की १९८२ चं एशियाड दिल्लीत झालं तरी शिडाच्या होड्यांच्या शर्यती इथे मुंबईत झाल्या, आणि त्यांत एंटरप्राइझचाही वर्ग होता. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांचं सुवर्ण मात्र फायरबॉल या दुसऱ्या होडीच्या वर्गातलं.

मी शनिवारी नागदेवीच्या बाजारात जाणार आहे, ए४ चे बोल्ट-नट तिथे सुटे मिळतात. युरेथेनचा सांधाही इथून घेऊन ठेवतो. दिवाळीत मांडवी एक्स्प्रेसने येऊ तेव्हा आणेन. काठी तू तयार ठेव, बसवायला आपण दोघं मिळून बसू. वहिनींना नमस्कार, ईराला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश

ता. क. सांधा रबराचा म्हटल्यावर त्याला राखण हवी. टिलरपासून काठीपर्यंत तीन मिलिमीटरची बारीक दोरी बांधायची, काठी कुठल्याही दिशेला वळली तरी ताणली जाणार नाही एवढी सैल. सांधा तुटला तर निदान घरापर्यंत सुकाणू हातात राहतं. ती दोरी माझ्याकडे पडून आहे, विकत घेऊ नकोस. बोल्टची लांबी ठरवायला तेवढी टिलरची जाडी शुक्रवारच्या आत कळव. पुढच्या टोकाला मोज, मागे नको. टिलर निमुळता असतो.